शापित भूमीवरील वसाहत

प्राचीन रोमन लोक नवे नगर वसवीत तेव्हा प्रथम नांगर धरीत. पांढरा बैल आणि पांढरी गाय एका जुवाला जोडून, ब्राँझचा फाळ बसविलेल्या नांगराने नियोजित नगराच्या सीमेभोवती एक तास घातले जाई. गाय नगराच्या आतल्या बाजूस व बैल बाहेरच्या बाजूस असे. फाळाने उलथलेली ढेकळे आतल्या अंगास पडतील अशी दक्षता घेतली जाई. जेथे वेस व्हावयाची तेथे नांगर उचलून धरीत, कारण नांगरलेली रेषा पवित्र व अनुल्लंघनीय मानली जाई आणि वेशीतून तर प्रेतेही न्यावी लागत. नगराचा शेवटही रोमन कल्पनेप्रमाणे याच अवजाराने होत असे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील मोडेस्टिनस नावाच्या कायदेपंडिताने एक प्रश्न विचारात घेतला आहे. एखाद्या नगराला मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क मिळाला असेल, तर तो केव्हा संपतो? त्याचे उत्तर असे की, नगरावर नांगर फिरला म्हणजे ते नगर उरत नाही आणि माणूस मेल्याप्रमाणे त्याचा हक्कही संपतो. या मृत्यूचे उदाहरण म्हणून त्याने कार्थेजचे नाव घेतले आहे. 'गाढवाचा नांगर फिरविणे' हा वाक्प्रचार ज्या भाषेत आजही चालतो, त्या भाषेच्या माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

नवल हे की, मोडेस्टिनसने हे लिहिले तेव्हा कार्थेज जिवंत होते. रोमच्या साम्राज्यातील अत्यंत भरभराटीच्या नगरांत त्याची गणना होत होती. ज्या भूमीवर पुन्हा मनुष्यवस्ती होऊ नये म्हणून रोमने शाप उच्चारला होता, त्याच भूमीवर रोमनेच आपली वसाहत उभी केली होती. शाप आणि वसाहत या दोहोंमध्ये एका शतकाचे अंतर आहे, आणि त्या शतकाचा इतिहास हा भूमिहीन माणसाला जमीन देणाऱ्यांचा व ती देऊ न देणाऱ्यांचा इतिहास आहे.

कार्थेज मूळचे फिनिशियन लोकांचे. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरील टायर नगरातून निघालेल्या व्यापाऱ्यांनी ते आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या ट्यूनिसजवळ, वसविले. परंपरेने त्याचे स्थापनावर्ष ख्रिस्तपूर्व ८१४ सांगितले जाते. त्यांच्या भाषेत या नगराचे नाव 'कार्त हदाश्त', म्हणजे 'नवे नगर', असे होते. पश्चिम भूमध्य समुद्रावरील व्यापार त्याने आपल्या हाती घेतला आणि त्यामुळेच रोमशी त्याचा संघर्ष अटळ झाला. ख्रिस्तपूर्व २६४ ते १४६ या काळात या दोन सत्तांमध्ये तीन युद्धे झाली. दुसऱ्या युद्धात हॅनिबलने आल्प्स पर्वत ओलांडून रोमला मरणाच्या दारी नेले होते. शेवटी ख्रिस्तपूर्व २०२ मध्ये झामा येथे त्याचा पराभव झाला, आणि दहा हजार टॅलंट इतकी खंडणी पन्नास वर्षांत फेडण्याचे कार्थेजने मान्य केले.

खंडणी फेडता फेडता कार्थेज पुन्हा संपन्न झाले, आणि हीच गोष्ट रोमला सहन झाली नाही. वृद्ध केटोने सेनेटमध्ये आफ्रिकेतील ताजी अंजिरे दाखवून ज्या देशात ही पिकतात तो येथून अवघ्या तीन दिवसांच्या जलप्रवासावर आहे असे सांगितले, ही कथा प्लूटार्कने दिली आहे. ख्रिस्तपूर्व १४९ मध्ये रोमचे सैन्य आफ्रिकेत उतरले. कार्थेजच्या नागरिकांनी तीनशे ओलीस दिले, नंतर शस्त्रेही देऊन टाकली. त्यानंतर रोमने शेवटची अट सांगितली: नगर सोडावे आणि समुद्रापासून सुमारे पंधरा किलोमीटर आत जाऊन कोठेही राहावे. समुद्रावर जगणाऱ्या लोकांना ही अट म्हणजे मृत्युदंडच होता. निःशस्त्र झालेल्या त्या लोकांनी नवी शस्त्रे घडविली आणि तीन वर्षे वेढ्याला तोंड दिले. ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये सिपिओ इमिलिएनसच्या सैन्याने नगरात प्रवेश केला. बंदराकडून बिर्सा टेकडीवरील बालेकिल्ल्याकडे जाणाऱ्या गल्ल्यांतून सहा दिवस व सहा रात्री घरोघर लढाई झाली. शेवटी पन्नास हजार माणसे शरण आली आणि गुलाम म्हणून विकली गेली. जळणाऱ्या नगराकडे पाहताना सिपिओच्या डोळ्यांत अश्रू आले, आणि आपल्याही नगराचे एक दिवस असेच होईल, असा विचार त्याने शेजारी उभ्या असलेल्या इतिहासकार पॉलिबियसजवळ बोलून दाखविला.

या भूमीवर मीठ पेरले गेले, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. प्राचीन ग्रंथकारांपैकी एकानेही तसे म्हटलेले नाही. ही कथा फार पुढच्या काळात प्रचारात आली. मीठ पेरले नसले तरी शाप मात्र उच्चारला गेला होता. बिर्सा टेकडीवर आणि मेगारा या उपनगरावर कोणी पुन्हा वस्ती केल्यास त्याचे वाटोळे होवो, असे देवतांना आवाहन करून ती भूमी निषिद्ध ठरविण्यात आली. भोवतालचा मुलूख रोमच्या सार्वजनिक मालकीचा झाला आणि नव्या 'आफ्रिका' प्रांताचा कारभार जवळच्या यूटिका या नगरातून चालू लागला.

इकडे इटलीत निराळेच संकट वाढत होते. वर्षानुवर्षे परदेशी मोहिमांवर गेलेल्या शेतकरी-सैनिकांची शेते पडीक राहिली किंवा कर्जापायी गेली. धनिकांनी ती आपल्या जमिनींना जोडून घेतली आणि त्यांवर गुलाम राबविले. जग जिंकणाऱ्या सैन्यातील माणसाला स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन राहिली नाही. टायबेरियस ग्रॅकसने ख्रिस्तपूर्व १३३ मध्ये सार्वजनिक जमिनीची वाटणी करण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी तो सेनेटच्या पक्षाकडून मारला गेला. दहा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ गायस लोकांचा ट्रिब्यून म्हणून निवडून आला. इटलीतील जमीन पुरेशी नाही हे त्याने ओळखले होते. समुद्रापलीकडे सुपीक, सार्वजनिक मालकीची आणि ओसाड जमीन पडून होती. रुब्रियस नावाच्या सहकाऱ्याकरवी त्याने कार्थेजच्या जागी वसाहत स्थापण्याचा कायदा करविला. इटलीच्या द्वीपकल्पाबाहेर रोमन नागरिकांची वसाहत काढण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता.

'वसाहत' या शब्दाचा येथे अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. परमुलखावर दुरून राज्य करणे हा जो अर्थ पुढील काळात त्या शब्दाला चिकटला, तो रोमन 'कोलोनिया'चा मूळ अर्थ नव्हे. 'कोलोनस' म्हणजे जमीन कसणारा. सरकारने मोजून दिलेल्या जमिनीवर नागरिकांचा एक समूह नेऊन बसवावयाचा, त्यांना स्वतःची सभा व स्वतःचे दोन वार्षिक अधिकारी द्यावयाचे, आणि रोमची एक लहान प्रतिकृती उभी करावयाची, असा तो प्रकार होता. ती जमीन पूर्वी कोणाकडून तरी हिरावून घेतलेली असे, हे मात्र विसरता येत नाही.

या कामाचा कणा म्हणजे मोजणीदार. त्याचे मुख्य उपकरण 'ग्रोमा' हे होते. जमिनीत रोवलेला एक दांडा, त्याच्या माथ्यावर आडवी फुली आणि फुलीच्या चारही टोकांना लोंबणारे ओळंबे, एवढेच ते साधन. त्याच्या साह्याने एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन मुख्य रेषा आखीत आणि त्यांना समांतर रेषा काढून सगळा मुलूख चौकोनांत विभागीत. प्रत्येक चौकोनाची बाजू सुमारे ७१० मीटर असे आणि त्यात दोनशे जुगेरम, म्हणजे अंदाजे सव्वाशे एकर, जमीन मावे. बैलांच्या एका जोडीने एका दिवसात नांगरावयाची जमीन म्हणजे एक जुगेरम. लॅटिनमधील हा शब्द आणि मराठीतील 'जू' हा शब्द यांचे मूळ एकच आहे. कोपऱ्यांवर दगड रोवले जात, वाटे चिठ्ठ्या टाकून ठरत आणि मोजणीचा नकाशा ब्राँझच्या पत्र्यावर कोरून त्याची एक प्रत वसाहतीत व एक रोमच्या दप्तरात ठेवीत.

गायस स्वतः आफ्रिकेत गेला. कार्थेजची मुख्य देवता तनित हिला रोमन लोक आपली जूनो मानीत, म्हणून वसाहतीला त्याने 'जूनोनिया' असे नाव दिले. कायद्यात ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक, म्हणजे सहा हजार, वसाहतकऱ्यांची नावे नोंदविण्यात आली आणि त्यांसाठी सगळ्या इटलीतून माणसे बोलाविली गेली. सत्तर दिवसांत सगळी व्यवस्था लावून गायस परतला. पण तो दूर असतानाच रोममध्ये त्याच्या पायाखालची वाळू सरकली होती. लिव्हियस ड्रूसस या दुसऱ्या ट्रिब्यूनने सेनेटच्या संमतीने लोकांना एक नव्हे तर बारा वसाहतींचे, प्रत्येकीत तीन हजार माणसांच्या सोयीचे, आश्वासन दिले. त्यांपैकी एकही वसाहत स्थापन झाली नाही. पण लोकांचे मन फिरविण्याचे काम झाले.

याच वेळी आफ्रिकेतून अपशकुनांच्या वार्ता येऊ लागल्या. अग्रभागी असलेले निशाण वाऱ्याने ओढले आणि त्याची काठी मोडली. यज्ञपशूंची आतडी वाऱ्याने वेदीवरून उडून सीमेच्या खुणांपलीकडे जाऊन पडली. रात्री लांडग्यांनी त्या खुणाच उपटून नेल्या. प्लूटार्क आणि ॲपियन या ग्रंथकारांनी या वार्ता दिल्या आहेत, आणि त्या रोममध्ये कोणाच्या उपयोगी पडल्या हेही त्यांच्या लेखनावरून स्पष्ट होते. वसाहतीचा कायदा रद्द करण्याचा ठराव ख्रिस्तपूर्व १२१ मध्ये लोकसभेपुढे आला. त्या सभेच्या वेळी चकमक झाली, कॉन्सल ओपिमियसला सेनेटने असाधारण अधिकार दिले, आणि गायस व त्याचे सुमारे तीन हजार अनुयायी मारले गेले. गायसच्या मस्तकाच्या भारंभार सोने देऊन ते मस्तक विकत घेतले गेले, असे सांगतात. त्यानंतर ओपिमियसने नगरात 'कॉन्कॉर्डिया'चे, म्हणजे सलोख्याच्या देवतेचे, मंदिर नव्याने बांधले. ज्यांची माणसे मारली गेली होती त्यांना या मंदिराकडे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

कायदा रद्द झाला, वसाहतीचे नाव पुसले गेले, पण मोजलेली जमीन पुसता आली नाही. ज्यांना वाटे मिळाले होते त्यांपैकी अनेक जण आफ्रिकेत राहिले. ख्रिस्तपूर्व १११ च्या जमीनविषयक कायद्याचे ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेले तुकडे उपलब्ध आहेत, आणि त्यांत या वसाहतकऱ्यांच्या हक्कांना मान्यता दिलेली आढळते. राजकारणातील भांडण एका बाजूला राहिले आणि दप्तरातील नोंद टिकली. ट्यूनिशियाच्या ईशान्य भागाची विमानातून छायाचित्रे घेतली, तेव्हा शेतांचे बांध आणि रस्ते त्याच रोमन चौकोनांच्या रेषांवरून जाताना दिसले.

नगराची जागा मात्र आणखी ऐंशी वर्षे ओसाड राहिली. ख्रिस्तपूर्व ८८ मध्ये परागंदा झालेला सेनापती मारियस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. प्रांताधिकाऱ्याच्या दूताने त्याला निघून जाण्यास सांगितले, तेव्हा कार्थेजच्या अवशेषांत बसलेला मारियस तू पाहिलास एवढेच आपल्या धन्याला सांग, असे उत्तर त्याने दिले. ख्रिस्तपूर्व ६३ मध्ये ही जमीन विकण्याचा प्रश्न निघाला असता सिसेरोने विरोध केला. त्याच्या मते सिपिओने ती भूमी देवतांना वाहिली ती धर्मभावनेने नव्हे, तर रोमशी साम्राज्यासाठी झुंजलेल्या लोकांच्या दुर्दशेची साक्ष म्हणून. भूमीच्या शापामागे राजकारण होते, हे एका रोमन मुत्सद्द्याच्या तोंडूनच येथे ऐकावयास मिळते.

ज्यूलियस सीझर ख्रिस्तपूर्व ४६ मध्ये पाँपीच्या पक्षाचा पाठलाग करीत आफ्रिकेत आला. कार्थेजजवळ तळ असताना त्याला एक प्रचंड सैन्य रडत असल्याचे स्वप्न पडले आणि जागा होताच 'कार्थेज वसविणे' अशी टिपणी त्याने लिहून ठेवली, असे ॲपियन सांगतो. स्वप्नाची कथा खरी असो वा नसो, रोममधील गरिबांना आणि निवृत्त सैनिकांना जमीन देण्याची निकड खरी होती. ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये सीझरने कार्थेज व ग्रीसमधील कॉरिंथ या दोन्ही नगरांच्या पुनर्वसाहतीचा निर्णय घेतला. रोमने ही दोन्ही नगरे एकाच वर्षी, ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये, नष्ट केली होती. कॉरिंथला गेलेले बहुतेक लोक दास्यमुक्त गुलाम होते. तेथील जुनी थडगी उकरून त्यांतील भांडी व ब्राँझच्या वस्तू त्यांनी रोमच्या बाजारात विकल्या, अशी नोंद भूगोलकार स्ट्रेबोने केली आहे. नव्या वस्तीचा पहिला उद्योग जुन्या वस्तीच्या मृतांवर चालला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

त्याच वर्षी सीझरचा वध झाला. कार्थेजची वसाहत अर्धवट स्थितीत राहिली आणि आफ्रिकेचा कारभार हाती आलेल्या लेपिडसने तिचे नुकसानही केले. पुढे एकछत्री सत्ता मिळाल्यावर ऑक्टेव्हियनने, म्हणजे भावी सम्राट ऑगस्टसने, ख्रिस्तपूर्व २९ मध्ये तिची नव्याने उभारणी केली. रोमहून सुमारे तीन हजार वसाहतकरी पाठविले आणि उरलेले आसपासच्या मुलखातून घेतले. या नगराच्या अधिकृत नावात 'कॉन्कॉर्डिया' हा शब्द होता. जे नगर वसविण्यापायी गायस ग्रॅकसचा बळी गेला आणि ज्या हत्येनंतर रोममध्ये सलोख्याचे मंदिर उठले, त्याच नगराला सलोख्याचे नाव मिळाले.

ॲपियन म्हणतो की, शाप टाळण्यासाठी ऑगस्टसने नवे नगर जुन्या जागेवर न बांधता तिच्या अगदी शेजारी बांधले. उत्खननाने हे म्हणणे खोटे ठरविले आहे. रोमन नगर जुन्या नगराच्या थेट डोक्यावर उभे आहे, आणि त्याच्या आखणीचा केंद्रबिंदू शापित बिर्सा टेकडी हाच होता. रोमन अभियंत्यांनी टेकडीचा माथाच छाटून सपाट केला. तेथील माती व जुने अवशेष उतारांवर लोटले, भक्कम भिंतींनी ते थोपविले आणि अशा रीतीने तयार झालेल्या विस्तीर्ण पठारावर चौक, मंदिरे व न्यायसभा बांधल्या. खाली काटकोनात जाणारे रस्ते आखले गेले. लोकांना शाप टाळल्याचे समाधान हवे होते आणि राज्यकर्त्यांना बंदरावरील मोक्याची टेकडी हवी होती. दोघांनाही हवे ते मिळाले, असे ॲपियनच्या त्या वाक्यावरून अनुमान निघते.

हे नगर उठत असतानाच, ख्रिस्तपूर्व २९ ते १९ या दहा वर्षांत, व्हर्जिल आपले 'ईनीड' हे महाकाव्य रचीत होता. त्यातील राणी डायडो कार्थेज वसवीत असते आणि नायक ईनियस ते बांधकाम पाहतो. तेथे नाट्यगृहाचा पाया खणला जात असल्याचे वर्णन आहे. नाट्यगृह ही फिनिशियनांची नव्हे, रोमनांची वास्तू. प्राचीन राणीच्या नगरात कवीला आपल्या डोळ्यांसमोरची वसाहत दिसत होती.

वसाहत विलक्षण यशस्वी झाली. प्रांताची राजधानी यूटिकाहून कार्थेजला आली. आफ्रिकेचे धान्य वर्षातील आठ महिने रोमला पोसते, असे पहिल्या शतकातील जोसेफसच्या ग्रंथात म्हटले आहे. ते धान्य मुख्यतः या बंदरातून जाई. दुसऱ्या शतकात झग्वान पर्वतातून सुमारे १३२ किलोमीटर लांबीचा पाण्याचा पाट नगरात आणला गेला आणि समुद्रकाठी सम्राट अँटोनायनसच्या नावाची भव्य स्नानगृहे उभी राहिली. पश्चिम भूमध्य प्रदेशात रोमच्या खालोखाल हेच नगर मानले जाई. आणि जुने लोक? त्यांची देवता तनित 'सीलेस्टिस', म्हणजे आकाशदेवी, या लॅटिन नावाने परत आली आणि नगरात तिचे मोठे मंदिर झाले. त्यांची प्यूनिक भाषा खेड्यापाड्यांतून बोलली जात होती, अशी साक्ष कार्थेजमध्येच शिकलेल्या संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या प्रारंभी दिली आहे.

पुढे ४३९ मध्ये व्हँडल लोकांनी, ५३३ मध्ये बायझंटाईन सम्राटाच्या सेनेने आणि ६९८ मध्ये अरबांनी हे नगर घेतले. त्यानंतर महत्त्व शेजारच्या ट्यूनिसकडे गेले आणि कार्थेजचे खांब व दगड त्याच्या बांधकामात गेले. १९७९ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला.

१९७० नंतरच्या दशकात बिर्साच्या दक्षिण उतारावर फ्रेंच संशोधकांनी उत्खनन केले, तेव्हा रोमनांनी लोटलेल्या मातीच्या थराखाली जुन्या कार्थेजची एक संपूर्ण वस्ती मिळाली. तेथे रस्ते, पायऱ्या, घरांच्या भिंती व पावसाचे पाणी साठविण्याची टाकी होती. हॅनिबलच्या काळानंतरच्या पिढीने बांधलेली आणि ख्रिस्तपूर्व १४६ च्या आगीत सापडलेली ती घरे होती. ज्या मातीने रोमने जुने नगर झाकले, त्याच मातीने ते जतन केले. १९८५ मध्ये रोम आणि कार्थेज यांच्या महापौरांनी तिसऱ्या युद्धाची औपचारिक समाप्ती म्हणून मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. असा तह २१३० वर्षांपूर्वी झाला नव्हता, कारण तेव्हा सही करावयास दुसरा पक्षच शिल्लक ठेवला गेला नव्हता.

कार्थेजच्या वसाहतीचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. भूमीला शाप माणसे देतात आणि सोयीप्रमाणे तो मागेही घेतात. वाऱ्याने मोडलेली काठी आणि लांडग्यांनी उपटलेल्या खुणा गायस ग्रॅकसच्या वेळी फार बोलक्या ठरल्या. सीझर आणि ऑगस्टस यांच्या वेळी वारा वाहिला नसेल असे नाही. पण त्याचा अर्थ सांगणारे सेनेटमधील आवाज तोवर निष्प्रभ झाले होते. भूमिहीनांना जमीन देण्याचे जे काम एका ट्रिब्यूनने लोकांच्या संमतीने करू पाहिले, ते शेवटी सम्राटाच्या आज्ञेने झाले, आणि त्या शंभर वर्षांत रोमचे लोकराज्य बुडाले होते.